मालकिणीची चटणी आणि आमचं मीटर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे विजेचं मीटर तपासणं. शेवटचं आहे हे माहीत असतं तर सिनेमाला तरी नेलं असतं तिला.

ती, म्हणजे माझी बायको, घरात एकेक बटण बंद करत होती. मी जिन्याखाली उलट्या बादलीवर बसून मीटरच्या चकतीकडे बघत होतो. ती आतून ओरडायची, "अहो, पंखा बंद केला. फिरतंय का?" मी म्हणायचो, "फिरतंय." मग टीव्ही बंद. फिरतंय. बल्ब बंद. फिरतंय. गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. एकानं विचारलं, काका, कुणी अडकलंय का आत?

आम्ही सिडकोत राहायचो. खाली दोन खोल्या आमच्या, भाड्याच्या. वर मालक-मालकीण. भाड्यानं राहणाऱ्यांना मी एकच सांगीन. भाडं किती ते नंतर विचारा, बाकीचं काय ते आधी विचारा. आम्हाला भाडं नऊशे सांगितलं, आम्ही खूश. राहायला आल्यावर कळलं, पाण्याचे पन्नास वेगळे. केबलवाला वेगळा. सिलिंडर तर आपलंच, शिवाय ते खांद्यावरून आणणाऱ्याला चहा. जिन्यातल्या बल्बचे दहा रुपये वेगळे. आता जिना जातो वर आणि आम्ही खाली. त्या जिन्याची एक पायरी आम्ही कधी चढलो नाही, पण उजेड आमचा. मी तसं मालकाला म्हणालो. तो म्हणाला, चढा की मग, कोण नको म्हणतंय.

पण ते सगळं ठरलेलं असायचं. लाईटचं ठरलेलं नसायचं. आमचं मीटर वेगळं बसवलेलं होतं. मालकीण महिन्याच्या पहिल्या तारखेला चष्मा लावून ते वाचायची आणि पैसे सांगायची. दीडशेच्या आसपास यायचे. मालकानं वर नवीन स्वयंपाकघर काढलं आणि तेव्हापासून आमचा आकडा अडीचशेच्या पुढं गेला. घरात एक पंखा, दोन बल्ब आणि टीव्ही. इस्त्री नव्हतीच. माझी पँट गादीखाली घालून मी रात्रभर वर झोपायचो, तीच इस्त्री. बायकोनं टीव्हीच्या बारक्या लाल दिव्यावर चिकटपट्टी लावली. म्हणाली, दिसला नाही म्हणजे जळणार नाही. मी पण मान डोलावली. मला तरी कुठं काय कळत होतं.

आकडा काही उतरला नाही. मग मालकीण एका सकाळी, बाहेरच्या नळाला पाणी आलेलं असताना, सगळ्या बायकांसमोर म्हणाली की शेगडी लावायची नाही असं ठरलेलं असताना गॅस वाचवायला खालची चोरून विजेची शेगडी लावते. झालं. बायकोला उपाशी ठेवलं असतं तरी तिनं सहन केलं असतं, पण चोर म्हटलेलं नाही. ती येवल्याकडची. तिच्या माहेरी कुणाचा एक कांदा घेतला तरी परत नेऊन देतात. त्या दिवसापासून ती सकाळी बाहेर बायकांत उभी राहीना. मला म्हणाली, खोली सोडू. मी म्हणालो, सोडली तर शेगडी लावत होते असंच म्हणतील. ती म्हणाली, मग काय करायचं ते तुम्ही बघा, पण माझ्या अंगावरचं हे काढा.

मध्ये आम्ही सायखेड्याला तिच्या बहिणीकडे लग्नाला गेलो. पंधरवडा घराला कुलूप. परत आलो तर मीटर पळालेलंच. मालकीण म्हणाली, शेगडी चालू ठेवून गेले असतील. तेव्हा मला पहिल्यांदा खात्री पटली की आपण नाही, मीटरच चुकतंय.

म्हणून ती तपासणी. सगळी बटणं बंद झाली तरी चकती गरागरा फिरत होती. मी तिला बाहेर बोलावलं आणि आमचा फ्यूज काढला. चकती थांबली. आणि वर मालकिणीचा मिक्सर थांबला.

वरून मालकीण ओरडली, "अहो, खाली लाईट गेली का?"

बायको गोड आवाजात म्हणाली, "नाय हो वहिनी, हाय की."

मी फ्यूज घातला. वर घर्रर्र. काढला. गप्प. बायको म्हणाली, मला द्या, मला द्या. तिनं स्वतः घातला, काढला, घातला. वर मालकीण मिक्सरला थापटत होती, आणि ही जिन्याच्या भिंतीला धरून हसत होती. मालकाच्या वायरमननं वरचं नवीन स्वयंपाकघर आमच्या मीटरला जोडून दिलं होतं. फ्रीजसकट.

मी तसाच वर निघालो. तिनं माझा शर्ट धरला. म्हणाली, आज नको, तिचं वाटण होऊ द्या. उद्या पाणी आलं की मी सांगते. समद्यांसमोर.

दुपारभर तिनं तालीम केली. मला मालकीण केलं. डोक्यावर टॉवेलचा पदर दिला. आधी ती कमरेवर हात ठेवून भांडली. मग तिलाच ते जड वाटलं. मग म्हणाली, असं म्हणू का, "वहिनी, रागावू नका, पण तुमची चटणी आमच्या पैशानं वाटली जाती." मी म्हणालो, हे बेस. ती पुन्हा हसली.

दिवेलागणीला तिच्या छातीत कळ आली. रिक्षा दवाखान्यापर्यंत पोचली. ती नाही पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं होतं. तिचा भाऊ येवल्याहून यायचा होता, त्याच्यासाठी सगळे थांबले होते. मालकिणीनं सगळ्यांना चहा केला. मग खाली बसून रडली, खरंच रडली. बायकांना म्हणाली, फार सोशीक होती, कधी कुणाला वाकडं बोलली नाही.

नळाला पाणी आलं. बाहेर कुणीतरी बादली लावली. मी मालकिणीसमोर जाऊन उभा राहिलो. कसं म्हणायचं ते बायकोनं दुपारभर घोकलं होतं, पण मला त्यातलं काही आठवेना. मी म्हणालो, "वहिनी, तुमचा मिक्सर आणि फ्रीज आमच्या मीटरवर आहे. आमच्याकडं शेगडी नव्हती. कधीच नव्हती."

मालकिणीनं डोळे पुसले, आणि माझ्याकडं बघून हळू म्हणाली, "मग ती मला बोलली का नाही, भाऊ?"

"आज बोलणार होती," मी म्हणालो.

आणि येवल्याची गाडी आली का ते बघायला कोपऱ्यापर्यंत गेलो.