दिलेला घागरा

दान हा शब्द कुणी माझ्यासमोर गोड तोंडाने उच्चारला की आजही माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, तुझं आपलं काहीतरीच, देणाऱ्याचे हात बघावेत, त्याची उणीदुणी काढू नयेत. बघितलेत बाबांनो, देणाऱ्यांचे हात चांगले जवळून बघितलेत. म्हणून तर बोलते.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी जळगावची. ट्रेनिंग कॉलेज संपवून धुळ्याला एका वसतिगृहात बाई म्हणून लागले. साक्री-नवापूरकडच्या भिल्ल वस्त्यांवरची, मजुरांची, आईबाप नसलेली अशी चाळीसेक मुलं-मुली तिथे राहायची. गावातल्या व्यापाऱ्यांच्या कमिटीवर सगळं चालायचं. ज्वारी एका शेठजींच्या दुकानातून यायची, तेल दुसऱ्याकडून, आणि कपडे म्हणाल तर कुणाच्याही घरून. कमिटीचे चिटणीस एक म्हातारे गृहस्थ होते, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. माणूस सोन्यासारखा, पण शेठ लोकांपुढे उभा राहिला की त्याचा आवाजच बसायचा.

कपड्यांची गाठोडी यायची ना, त्यातल्या सदऱ्यांना बटणं नसायची. तुटलेली नव्हे, कापून घेतलेली! घरातल्या बाया सदरा द्यायच्या आधी कात्री घेऊन बसायच्या आणि बटणं काढून डबीत टाकायच्या. मी बाभळीचे काटे टोचून पोरांच्या छात्या झाकल्या आणि त्यांना शाळेत धाडलं. नानांना म्हटलं, "हे कसलं देणं?" ते म्हणाले, "बाई, मिळतंय ते घ्यावं." घेतलं. दुसरं काय करणार होते?

शनिवारी दुपारी मी मुलांना गोष्टी सांगायची. वाटायचं, फार मोठं काम करतेय. आणि पोरं? भिंतीला टेकून डुलक्या काढायची. माझी ती पुस्तकी मराठी, त्यात राजवाडे काय, उद्यानं काय! एका शनिवारी मागून एक मुलगी उठली. दहा-अकरा वर्षांची, साक्रीच्या पलीकडच्या एका भिल्ल वस्तीवरची. एरवी तोंडातून ब्र काढायची नाही. म्हणाली, "बाई, मी सांगू?"

तिने तिच्या आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. दुष्काळ पडला, राजाने गावच्या विहिरीवर शिपाई बसवले, पाणी फक्त वाड्यात. तेव्हा राणी हटून बसली. हंडा समोर आणला तरी तोंड लावेना. म्हणे, "पहिले बठ्ठासले पानी द्या, मंग माले." आधी सगळ्यांना, मग मला. पोरगी राजाचा आवाज वेगळा काढत होती, शिपायाचा वेगळा, आणि राणीच्या वेळी मान अशी ताठ करायची की बस! चाळीस पोरं सरकत सरकत तिच्याभोवती जमा झाली. मी गुपचूप खाली बसले. खोटं कशाला सांगू, थोडी लाजले, आणि मग लहान पोरासारखी ऐकत राहिले.

ठरवलं, याचं नाटक करायचं. आणि करायचं ते तिच्याच बोलीत, तिलाच राणी करून. नाना दारोदार हिंडले. कुणी पडद्याचं कापड दिलं, एका लाकडाच्या वखारीतून फळ्या आल्या, कुणी रंगाचे डबे दिले. ज्वारी देणाऱ्या शेठजींच्या घरी त्याच सुमारास त्यांच्या आई वारल्या. बारावा झाला आणि म्हातारीच्या कपड्यांचं गाठोडं आमच्या ओसरीवर येऊन पडलं. मी सोडलं तर आत लाल घागरा आणि ओढणी, दोन्हींना रुंद सोनेरी गोटा, राजस्थानात कडेला जरीची पट्टी लावतात तसा. गोटा जागच्या जागी! घरात पाहुणेरावळे, सुना गडबडीत, कुणाच्या ध्यानात आलं नसेल. मला वाटलं, चला, एकदा तरी कुणी आख्खं काही दिलं.

त्या पोरीने तो घागरा आपल्या परकरावरून नेसला आणि तालमीत नुसती उभी राहिली. तिची चालच बदलली. मुलं तिला एरवीही राणी म्हणायला लागली.

पण तिचं चित्त दुसरीकडेच होतं. तिची आई तिला घरी न्यायचं धरून बसली होती. बाप नव्हता. आई लाकडाच्या मोळ्या विकायची, तिला हाताखाली माणूस हवं होतं. मागच्या खेपेला आली तेव्हा मला तोंडावर म्हणाली होती, "शाळा शिकीसन काय व्हई?" मी हातापाया पडून पोरीला ठेवून घेतलं होतं. आता पोरीने मनाशी धरलं होतं, आईने एकदा मला राणी झालेलं बघितलं की ती मला नेणार नाही. रोज विचारायची, "बाई, माय येई ना?" तिच्या वस्तीवरचा एक माणूस बाजाराला यायचा, त्याच्याबरोबर मी तीनदा निरोप धाडला.

आई आली. साक्रीपर्यंत पायी आणि पुढे एसटीने. हातात फडक्याचं गाठोडं, त्यात लेकीसाठी भुईमुगाच्या शेंगा. मी तिला पुढे बसवायला गेले, तर पुढे कमिटीच्या खुर्च्या, त्यांच्यामागे खुर्चीवाल्यांच्या घरची माणसं, त्यांच्यामागे गावातली. ती आपणहून सगळ्यांच्या मागे भिंतीपाशी जाऊन बसली. म्हटलं, असू दे, तिथून दिसतं.

दुपारी चारला पडदा उघडला. पहिल्या प्रवेशात राणी आली. काय चालली पोरगी! टाळ्या पडल्या. मी पडद्याच्या फटीतून भिंतीकडे बघितलं, आई गुडघ्यांवर उठून बघत होती. तोंडाला पदर लावलेला, पण डोळे हसत होते. मनात म्हटलं, जिंकलं!

प्रवेश संपला, पडदा पडला, आणि खुर्च्यांमधून शेठजी उठले. त्यांच्या सुनेने मागून काहीतरी सांगितलं होतं. शेठजी स्टेजजवळ येऊन मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "नाना, हे आमच्या घरचे कपडे आहेत! आमच्या माँजींचे! हिच्या अंगावर कसे आले?"

नाना धावत आत आले. पाठोपाठ शेठजी. मी म्हटलं, "शेठजी, तुमच्याच घरून आलेत. दिलेले आहेत."

"दिले ते पोरांना झोपायला गोधड्या होतील म्हणून दिले. माँजींचा घागरा भिल्लाच्या पोरीला नेसवून राणी करायला नाही दिले, बाई. गोटा काढायचा राहिला सुनांकडून. उतरवा."

अहो, तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! गोधडी करून पोरांनी अंगाखाली घेतला तर चालतो आणि अंगावर मिरवला तर विटाळतो? मी म्हटलं, "नाटक चालू आहे. संपलं की धुऊन, घडी करून देते." शेठजी माझ्याशी बोलेनात. नानांकडे बघून म्हणाले, "उद्यापासून ज्वारीचं काय ते तुम्हीच बघा."

नानांनी माझ्यापुढे हात जोडले. सत्तरीचा माणूस. "बाई, चाळीस तोंडं आहेत."

पोरगी सगळं ऐकत होती. मला म्हणाली, "बाई, मंग राणी कोन व्हई?"

मी म्हटलं, "तूच. परकरावर जा, तूच राणी." आणि खाली बसून तिच्या घागऱ्याची नाडी सोडायला लागले. माझ्या या हातांनी. गाठ घट्ट बसली होती, सुटता सुटेना. घागरा तिच्या पायाशी पडला आणि तेवढ्यात पडदा सारून तिची आई आत आली.

तिला मागे भिंतीपाशी एवढंच कळलं होतं की शेठजी ओरडताहेत, कपडे आमच्या घरचे, हिच्या अंगावर कसे आले. आणि आत येऊन बघते तर बाई लेकीच्या अंगावरचे ते कपडे काढून घेतेय. तिने दुसरं काही विचारलंच नाही. पोरीच्या मुस्काटात अशी मारली की ती फळ्यांवर जाऊन आपटली. मग शेठजींच्या पायाशी बसून हात जोडले. "शेठ, माफ करा. पोर चुकनी. माफ करा."

मी ओरडले, "अगं, चोरी नाही केली तिने! हे दिलेले कपडे आहेत!" पण कोण ऐकतंय? पोरगी रडत होती, बाकीची मुलं कोपऱ्यात गोळा झाली होती, नाना माझा दंड धरून म्हणत होते, "बाई, आता वाढवू नका." आणि शेठजींनी काय करावं? ते म्हणाले, "जाऊ द्या, जाऊ द्या. पोर आहे."

माफ केलं! त्या माणसाने त्या पोरीला माफ केलं! चोरी नव्हती हे त्याला ठाऊक होतं, त्याच्याच घरून गाठोडं आलं होतं. एक शब्द बोलला असता तर संपत होतं. पण समोर कुणी हात जोडून बसलेलं असलं की माफ करायला बरं वाटतं ना! आणि मी? मी दुसऱ्यांदा ओरडले नाही. चाळीस तोंडांची ज्वारी माझ्या घशात अडकली. ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे, पण इथवर आले की आवाज चढवून शेठजींवरच घसरते, स्वतःचं पुढे सांगत नाही.

बाहेर टाळ्या वाजवून बोलावत होते. नानांनी दोन मुलींना स्वागतगीत म्हणायला पुढे ढकललं. हार झाले, नारळ झाले, भाषणं झाली. एक वक्ते म्हणाले, अशा कार्यक्रमांनी मुलांवर चांगले संस्कार होतात. मी स्टेजच्या मागे घागऱ्याची घडी घालत ऐकत होते. तोवर आई पोरीचा हात धरून स्टँडकडे गेलीसुद्धा. शेंगांचं गाठोडं भिंतीपाशी तसंच राहिलं.

पंधरा दिवसांनी मी त्या वस्तीवर गेले. साक्रीपर्यंत एसटी, पुढे उन्हात पायी, वाट विचारत. वाटेत काय बोलायचं ते सगळं घोकत होते. पोरगी झोपडीपुढे लाकडं फोडत होती. मला बघून उठली नाही, कुऱ्हाड खाली ठेवली नाही. आईने पाणी दिलं, बसायला गोणपाट टाकलं. मी तिला नीट समजावलं, एकेक गोष्ट, आधीपासून शेवटपर्यंत. म्हातारी वारली, गाठोडं आलं, मी नेसवलं, पोरीचा काडीचा दोष नाही, तिने काही चोरलं नाही, तिला परत पाठवा. आई मान हलवत ऐकत होती. मोठ्या माणसांपुढे गरीब माणूस हलवतो तशी.

माझं बोलणं संपलं तशी तिने विचारलं. भांडायला नव्हे, तिला खरंच कळत नव्हतं म्हणून.

"चोरी नही व्हती, तं मंग काढी का लिधं, बाई?"

काढून का घेतलं? पोरीने लाकूड फोडायचं थांबवलं होतं. तीही माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काय उत्तर देते म्हणून.