बेलभंडाऱ्यावर सोडलेली फिर्याद

रझाकारी सरून थोडी वर्षं झाल्ती, तव्हाची गोष्ट. आमचे मालक कापसाची गाडी भरून जालन्याला निघाल्ते. मी भाकरी बांधून दिली अन् घरात वळले, एवढंच. केदारखेड्याच्या अलीकडं पाठीमागून मालाची लारी आली ती सरळ आमच्या गाडीवर. उजवा बैल जागच्या जागी गेला. मालकाचा पाय चाकाखाली सापडला, गुडघ्याखाली हाड मोडून पायच फिरल्ता. बाजंवर घालून माणसांनी घरी आणलं, तर मला बघून म्हणतात कसे, "बैल गेला गं!" सवताच्या पायाचं नावच न्हाई. मला रडावं का चिडावं ते कळंना.

दुसऱ्या दिवशी लारीचा मालक दारात हजर. जालन्याचा शेठ, पांढरंफेक धोतर अन् जिभंवर साखर. त्याची लारी पोलिसाच्या जमादारानं अडकवून ठेवल्ती, म्हणून ही साखर. माह्या सासऱ्याला, मामंजीला म्हणला, "बाबा, चूक माझ्या ड्रायव्हरची. पण कचेरीत गेलो तर तुमचंबी वाटोळं अन् माझंबी. मी रेणुकाईसमोर बेलभंडारा उचलतो."

हे सांगायला पाहिजे, न्हाईतर आजच्या पोरांना कळायचं न्हाई. रेणुकाईच्या पायावरचा भंडारा अन् बेलाचं पान हातात घेऊन माणूस बोलला, की आमच्याकडं विषय संपला. बांधाची भांडणं, भावाभावाच्या वाटण्या, सगळं त्याच्यावर मिटायचं. त्याच्यानंतर कागद मागायचा म्हंजी देवीवर भरोसा न्हाई म्हणल्यासारखं. कोण मागंल?

पिंपळगावच्या देवळात शेठनं भंडारा उचलला. "जखमी माणसाला माझ्या मोटारीत घालून औरंगाबादच्या मोठ्या डाक्टरकडं नेईन, पाय बराबर करून आणीन. पेरणीच्या आत दारात बैल बांधीन. न्हाई केलं तर माझ्या एकुलत्या लेकाला बघून घे, आई!" लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामंजींच्या तर आलंच आलं. तिथून उठून ते जमादाराकडं गेले अन् बयान दिलं, "आमचाच बैल बुजला, लारीवाल्याची चूक न्हाई, आमची फिर्याद न्हाई." खाली अंगठा. संध्याकाळच्या आत लारी सुटून गेली.

गावच्या हाडवैद्यानं कामट्या बांधल्या अन् बजावून सांगितलं, "हे माझ्या हातचं काम न्हाई. मोठ्या डाक्टरला दाखवा, जल्दी." मामंजी म्हणले, "शेठ येऊनच राह्यला." शेठ कशाचा येतो! होळी झाली, पाडवा झाला. मालक रात्रंदिवस कण्हायचे, अन् मामंजी सकाळ झाली की वेशीत जाऊन मोटारीची वाट बघायचे.

मी काही मुक्यानं सोसणारी न्हाई. एक दिवस पदर खोचला अन् म्हणलं, "मामंजी, ही बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात! गाडी कुणाचीबी मागा, आपणच नेऊ यांना."

"सूनबाई, भंडारा उचलला त्यानं. आपण निघून गेलो अन् त्यो मोटार घेऊन आला तर? शबूद पुरा करायची संधी नको का द्यायला माणसाला?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी मीच शेजारची गाडी जुंपायला लावली. औरंगाबादच्या डाक्टरनं पाय चाचपला अन् मान हलवली. हाड वाकडं जुळून आलं होतं. म्हणला, "पुन्हा मोडून बसवावं लागंल. अजून होईल, पण आता उशीर नको. मुक्काम लांबचा अन् खर्चा मोठा. आधी का न्हाई आणलं?" मालकांनी माझा हात घट्ट धरला. ते म्हणले, "पाय सरळ झाला पाहिजे गं. मला पेरणीला तिफण धरायचीय." बस, तेवढ्यासाठी आम्ही जालन्याच्या कचेरीत भरपाईचा दावा लावला.

वकील भला माणूस होता. कागद बघून म्हणला, "बाबा, तुमच्या बयानानं गळा कापलाय तुमचा. आता एकच वाट. साहेबापुढं म्हणायचं, जमादारानं वाचून न दाखवता अंगठा घेतला."

"वाचून दाखवलं व्हतं की," मामंजी म्हणले.

त्या दिवशी कचेरीबाहेरच्या लिंबाखाली मी त्यांचे पाय धरले. "मामंजी, एकडाव खोटं बोला. एकच डाव! तुमच्या लेकाच्या पायासाठी." ते माझ्या डोक्यावर हात ठेवून आत गेले.

अन् आत जाऊन सगळं खरं सांगितलं. बयान माझंच, अंगठा माझाच, बैल बुजला न्हवता, पण शेठनं भंडारा उचलला म्हणून तसं बोललो. साहेबानं विचारलं, "हे कुठं लिहिलेलं आहे?"

"लिहायचं कशाला साहेब? आई समोरच व्हती."

लोक हसले. शेठबी हसला, तोंडावर उपरणं धरून. आमचा दावा खारीज झाला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही शहाणेबी न्हवतो अन् दुसरी पायरीबी न्हवती.

त्याच्यानंतर मामंजी दर मंगळवारी देवळात जायला लागले. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. म्हणलं, आता म्हातारा शेठच्या नावानं देवीला जाब विचारत असंल. माणसाच्या कचेरीत झालं न्हाई ते हिच्या कचेरीत होईल. जळो त्याचं घर!

एका मंगळवारी मीबी वटी भरायला गेले. गाभाऱ्यापुढं मामंजी डोकं टेकून बसल्ते, मी आल्याचं त्यांना कळलं न्हाई. त्यांचा आवाज कानावर आला. "आई, आण घेतली ती बापानं. लेकरानं काय केलं? शेठच्या पोराला हात लावू नको. त्याचे हातपाय शाबूत ठेव."

माझ्या अंगाची आग झाली. घरात सवताचा लेक बाजंवर पडलाय, अन् हा बाप कुणाच्या पोराचे पाय मागून राह्यलाय! ओरडावं वाटलं. पण त्यांची पाठ हलत होती, म्हातारं माणूस हमसून हमसून रडत होतं. मी आईपुढं वटी ठेवली.

घरी आले तर मालक बाजंवर उठून बसल्ते. "आईला काय मागितलं?"

"तुमचा पाय," मी म्हणलं.

"अन् बाबांनी?"

कचेरीत पाहिजे होतं ते खोटं त्या दिवशी मी घरात बोलले. "त्यांनीबी तुमचाच पाय मागितला," म्हणलं.

मालकांनी मान डोलावली अन् वाकड्या पायावर पांघरूण ओढून घेतलं.