रिकाम्या खोक्यांचा मजला

फोन वाजला की माझे मामा आधी उभे राहतात, शर्ट नीट खोचतात आणि मग फोन उचलतात. बसून बोललं तर पलीकडच्या साहेबाला कळतं, असं त्यांचं ठाम मत आहे. पलीकडे बहुतेक वेळा मामीच असते. तिलाही ते घाईत ‘हो साहेब’ म्हणून जातात आणि मामीला त्यात काही वावगं वाटत नाही.

एकतीस वर्षं मामांनी एकाच मोठ्या दुकानात, एकाच मजल्यावर, लोकांच्या पायाशी बसून बूट विकले. माणसाच्या पायाला ते घाबरत नाहीत. पायाच्या वर जे काही सुरू होतं त्याला मात्र घाबरतात.

दुकान एका जुन्या कंपनीचं. अकरा शहरांत त्यांची अशी दुकानं होती. खाली अत्तरं, पहिल्यावर कपडे, दुसऱ्यावर आमचे बूट आणि एका कोपऱ्यात पर्स, तिसऱ्यावर खेळणी आणि चौथ्यावर फर्निचर. मी मामांच्या ओळखीने तिथं लागलो त्याला सात वर्षं झाली. तेव्हा बुटांच्या विभागात नऊ माणसं होती. मग कंपनी विकली गेली, नवे मालक आले, आणि माणसं एकेक करून कमी होत शेवटी मामा आणि मी असे दोघंच उरलो. मामा म्हणायचे, “आपण दोघं त्यांच्या लक्षात नसू. गप बस.”

दुकान वरून खाली मरत होतं. पद्धत ठरलेली होती. एखाद्या सोमवारी मुख्य कार्यालयातून तिघं जण यायचे, मजल्यावर फिरायचे, कशालाही हात न लावता कागदावर काहीतरी लिहायचे आणि जायचे. गुरुवारी त्या मजल्याच्या जिन्याला लाल दोरी लागायची. नव्या मालकांनी कॉम्प्युटरमधली व्यवस्था बदलल्यापासून त्यात कुठल्याच मालाचा आकडा खरा दिसत नव्हता, म्हणून ही डोळ्यांनी बघायची तऱ्हा. आधी फर्निचर गेलं. मग खेळणी गेली. त्यानंतर डोक्यावरच्या छतातून पावलांचा आवाज येईनासा झाला. मामा दिवसातून दहादा वर बघायचे. आता सगळ्यात वर आम्हीच होतो.

मामांनी विचार केला. घाबरट माणूस फार विचार करतो, त्याला दुसरं काही करायचं धाडस नसतं. फर्निचरमध्ये शेवटी दोन सोफे आणि एक आरसा उरला होता. खेळण्यांत नुसत्या फळ्या. म्हणजे मजला रिकामा दिसला की दोरी येते. आणि आमच्याकडे तर चार महिने नवा माल आला नव्हता. जुन्या कारखानदारांनी नव्या मालकांचा भरवसा सोडला होता. जे होतं ते मामा विकत होते, आणि मामा विकण्यात वाघ. फळ्या भराभर रिकाम्या होत होत्या.

“आपलीच कुऱ्हाड आपल्याच पायावर,” मामा एकदा माझ्या कानाशी म्हणाले.

“मग विकू नका.”

“तसं कसं? गिऱ्हाईक आलंय ना.”

यावर त्यांना उपाय सापडला तो गोदामात. पुष्कळ लोक नवे बूट पायात घालूनच निघतात आणि खोका टाकून जातात. मामांनी ते खोके कधीच फेकले नव्हते. त्यांची एक खोड होती. झाकणाच्या आतल्या बाजूला ते पेन्सिलने त्या गिऱ्हाइकाचा पाय लिहून ठेवत. ‘डावा अर्धा नंबर मोठा.’ ‘टाच घासते, मऊ चामडं द्यावं.’ ‘दोन वर्षांनी आले, पाय तोच, माणूस वाळला.’ गिऱ्हाईक पुन्हा आलं की मामा आत जाऊन झाकण वाचून यायचे आणि बाहेर येऊन असे बोलायचे जणू त्या पायाशी त्यांचं रोजचं बोलणं आहे. लोक थक्क व्हायचे. पाठ नसतं म्हणून लिहितात, हे मी कुणाला सांगितलं नाही.

तर ते शेकडो रिकामे खोके मामांनी बाहेर आणले. रोज थोडे थोडे, कुणाला संशय येऊ नये म्हणून. चार-पाच रिकामे, मग एक भरलेला. भरलेला खोका बोटभर पुढे ओढलेला, ही आमच्या दोघांतली खूण. महिन्याभरात फळ्या छतापर्यंत भरल्या. एवढा भरगच्च विभाग चांगल्या दिवसांतसुद्धा नव्हता. आमचे मजल्याचे साहेब एकदा येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि “वा” म्हणाले. मामांना त्या ‘वा’ची धास्ती दोन दिवस पुरली.

त्या खोक्यांनी मामांचा जीव खाल्ला. कुणी फळीला टेकलं तरी ते हात पुढे करून धावायचे. एकदा एका बाईंच्या पिशवीचा धक्का लागून एक खोका खाली पडला. भरलेला खोका पडला की धप्प आवाज येतो. हा नुसता टप्प करून गडगडत गेला. मामा जागच्या जागी थिजले. मी खोका उचलून दोन्ही हातांनी, जड असल्यासारखा, वर ठेवला. बाईंना काही कळलं नाही.

शेजारच्या पर्सच्या काउंटरवरच्या ताईंना मात्र कळलं. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या मामांना सांगा, एवढं भरू नका. लग्नघरासारखं दिसतंय आणि नवरीचा पत्ता नाही.”

मी सांगितलं. मामा म्हणाले, “त्या पर्स विकतात. त्यांना काय कळतंय?”

एका शनिवारी साहेबांनी सांगितलं, सोमवारी मुख्य कार्यालयाची माणसं येणार. रविवारी मी मामांकडे गेलो तर ते खुर्चीत ताठ बसले होते, पायात कामावरचे बूट घालून.

“सकाळपासून असेच आहेत,” मामी म्हणाली. “मी म्हटलं, बंद झालं तर झालं, घरी बसा. तर माझ्याकडे असं बघतात जसं काही मी यांना विहिरीत ढकलतेय.”

“घरी बसून काय करू?” मामा म्हणाले.

“माझे पाय आहेत की. एकतीस वर्षांत एकदा तरी बघितलेत?”

मामा हसले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, “मला छप्पन्नावं चालू आहे. मला पाय सोडून काही येत नाही रे. बाहेर कोण उभं करील मला?” त्यांची चेष्टा करायची मला सवय आहे, पण तेव्हा मी खाली वाकून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

सोमवारी तिघं आले. दोन पुरुष आणि एक तरुण मॅडम. लिहिण्याचं काम मॅडमकडे होतं, म्हणजे भीतीही त्यांचीच. साहेब एक पाऊल मागे चालत होते. मामा काउंटरच्या कोपऱ्याला धरून उभे होते. तिघं फळ्यांसमोरून सावकाश फिरले, वर छतापर्यंत बघितलं. कशाला हात लावला नाही. सगळं मामांच्या मनासारखं चाललं होतं.

मग मॅडम थांबल्या आणि सोबतच्या माणसाला म्हणाल्या, “हे बघा. सगळ्यात वाईट हाच मजला. एवढा माल तुंबलाय, काहीच हलत नाही.”

“जुनाच माल दिसतोय,” तो म्हणाला. “खोक्यांचे कोपरे बघा, मळलेत.”

“इथे विक्रीच नाही. वरचे मजले निदान रिकामे तरी झाले होते. त्यांना माल पुरवला गेला नाही, ती आपली चूक. हे मात्र...” त्यांनी मान हलवली आणि लिहू लागल्या.

साहेबांनीही मान हलवली. साहेबांची मान वाऱ्यावर असते.

मी मामांकडे बघितलं. महिनाभर फळ्या भरून त्यांनी स्वतःच्या हाताने दोरी वळली होती. गप्प बसले तर ती गुरुवारी लागणारच. तोंड उघडलं तर कंपनीला फसवल्याची कबुली. मला वाटलं, मामा गप्पच बसणार. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं.

त्यांनी काउंटर सोडला. ते फळीपाशी गेले, एक खोका काढला आणि मॅडमसमोर झाकण उघडलं. रिकामा. दुसरा काढला, रिकामा. तिसरा. चौथ्याचं झाकण निसटून साहेबांच्या बुटावर पडलं.

“हे काय आहे?” मॅडमनी विचारलं.

“रिकामे आहेत,” मामा म्हणाले. “सगळे नाहीत. पण बरेच.”

मॅडमनी उघड्या खोक्यात वाकून बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “मग आतला माल कुठे गेला?”

आगीतून फुफाट्यात. हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. शेकडो रिकामे खोके आणि त्यांची राखण करणारे मामा-भाचे. बाहेरच्या माणसाला याचा एकच अर्थ दिसणार. साहेब चटकन दोन पावलं मागे सरकले, आमच्यापासून. सोबतच्या माणसाने खिशातून फोन काढला.

“विकला,” मामा म्हणाले. “लोकांच्या पायात आहे, मॅडम.”

“कशावरून?”

मी खाली पडलेलं झाकण उचललं आणि उलटं करून मॅडमच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. मग बाकीची तीन झाकणं घेतली, मग स्वतःच्या हाताने फळीवरून आणखी खोके काढू लागल्या. ‘शाळेतल्या बाई, दिवसभर उभ्या, चवडा रुंद.’ ‘उजव्या अंगठ्याला कुरूप, बोलतात फार.’ प्रत्येकावर तारीख, प्रत्येकावर पाय. एक झाकण त्यांनी जास्त वेळ धरलं आणि मग नजर वळवून साहेबांच्या बुटांकडे बघितलं. ते झाकण मला पाठ होतं. ‘साहेब. खरा नंबर सहा. आठ मागतात. सांगू नये.’

फोन काढलेल्या माणसाला त्यांनी हाताने थांबवलं. “पाच महिने नवा माल नसताना एवढं विकलंत?” त्यांनी विचारलं.

“जेवढं होतं तेवढं,” मामा म्हणाले.

“आणि हे रचायचं कुणी सांगितलं?”

“भीती वाटली,” मामा म्हणाले. दुसरं काही खोटंनाटं त्यांना तेवढ्यात जमलं नसतं.

मॅडमनी सगळे रिकामे खोके खाली काढायला लावले. संध्याकाळपर्यंत आम्ही काढत होतो. फळ्या उघड्या पडल्या. उरले सदतीस जोड.

गुरुवारी मामा पायऱ्या चढले ते एकेका पायरीवर थांबून. दोरी नव्हती. काउंटरवर कागद होता. मामांनी तो माझ्याकडे दिला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी वाचून दाखवला. बुटांचा विभाग तूर्त बंद होणार नाही. नवा माल येणार नाही. आहे तो विकून संपेपर्यंत दोघांनी काम चालू ठेवावं.

“म्हणजे सदतीस,” मामा म्हणाले.

त्या दिवसापासून मामा गिऱ्हाइकाला घाबरू लागले. जिन्यावर पाऊल वाजलं की ते माझ्याकडे बघायचे. पाऊल पहिल्या मजल्यावर वळलं की श्वास सोडायचे. एकदा दोन दिवस कुणीच आलं नाही तर मामांना भूक लागली, ते पोटभर जेवले. पुढच्या आठवड्यात सहा जोड गेले आणि मामीने मला फोन करून विचारलं, यांना ताप आहे की काय.

एकोणीस उरले असताना एक वयस्कर बाई आल्या. त्यांना काळे, बंद, सपाट टाचेचे बूट हवे होते. मामा स्टुलावर बसले, त्यांचा पाय हातात घेतला. मला दुरूनसुद्धा दिसत होतं की तो पाच नंबर आहे आणि काळा पाच आमच्याकडे एकच होता, मागच्या फळीवर.

मामा पायाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तुमच्या मापाचं नाही हो, बाई.”

“बघा तरी. फार लांबून आले.”

“नाही. घट्ट होईल. त्रास होईल.”

बाईंनी आपली जुनी चप्पल घातली. टाचेपाशी ती इतकी झिजली होती की डावा पाय बाहेरच्या बाजूला कलत होता. त्या कठड्याला धरून, पायरी पायरी करत खाली गेल्या. मामा स्टुलावरच बसून होते, हात अजून तसेच, पाय धरल्यासारखे. एकतीस वर्षांत ते मापाबद्दल कधी खोटं बोलले नव्हते. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. एकोणीस म्हणजे एकोणीस.

“तिचा डावा पाय बाहेर पडतोय,” मामा म्हणाले.

“पडू दे, मामा.”

“गुडघा जाईल तिचा.”

ते उठले, मागच्या फळीवरून खोका घेतला आणि निघाले. सरकता जिना कधीचा बंद पडलेला, त्याच्या उंच पायऱ्यांवरून पंचावन्न उलटलेला माणूस खोका छातीशी धरून धावत उतरला. “बाई, थांबा, ओ बाई,” असा त्यांचा आवाज पहिल्या मजल्यावरून आला, मग अत्तरांच्या इथून, मग रस्त्यावरून.

बऱ्याच वेळाने ते वर आले. धापा टाकत होते, हात मोकळे होते.

“बसले,” ते म्हणाले. “बाहेर पायरीवर बसवून घातले. एकदम बरोबर बसले.” एवढं म्हणून त्यांनी तोंड पुसलं, आणि मग त्यांच्या डोळ्यांत ती नेहमीची भीती परत आली. “अठरा,” ते म्हणाले.

जिन्यावर पावलं वाजली. दोन माणसं होती, भारी पावलांची, आणि ती पहिल्या मजल्यावर वळली नाहीत. मामांनी माझा दंड धरला. मीही त्यांचा धरला. मग त्यांनी हात सोडवून घेतला, शर्ट खोचला आणि स्टूल पुढे ओढलं.

“या,” मामा म्हणाले. “बसा. पाय बघू.”