उलट्या तोंडाची सीट

दीड वर्षाच्या आमच्या लेकीला गाडीतली तिची पहिली, मागे तोंड करून बसायची बाळ-सीट पुरेना. डोकं वरच्या काठाला टेकायला लागलं होतं. आम्ही राहतो नांदेडला, माझं माहेर उदगीर. महिन्यातून एक चक्कर ठरलेली. नवी सीट घ्यावीच लागणार होती.

नवरा म्हणाला, "आता समोर तोंड करूनच बसवू. बिचारीनं पाय किती दिवस दुमडायचे?"

मला ते पटेना. एवढ्याशा लेकराची मान कच्ची असते. मागे तोंड असलं की जोरात ब्रेक लागल्यावर सगळी पाठ-मान सीट सावरून धरते, असं मी वाचलं होतं. पण हे घरात पटवायचं कसं?

तेवढ्यात कंधारहून सासरे आले. मी त्यांना मामा म्हणते. उभी हयात एसटी चालवलेला माणूस. ते हसतील असं वाटलं होतं, पण म्हणाले, "अर्जंट ब्रेक मारला की अख्खी बस पुढच्या दांडीवर. लई बार पाह्यलंय म्या. चला, मी बी येतो."

दुकानदारानं समोर तोंडाची चकचकीत सीट काढली. "वर्ष झालं की सगळे हीच घेऊन राहिलेत."

"सगळ्यायचं राहू द्या," मामा म्हणाले. "उलटी बसनारी, मोठी दाखवा."

तशा दोनच होत्या. पहिली आमच्या छोट्या गाडीत बसवली, तर पुढे बसलेल्या नवऱ्याचे गुडघे थेट डॅशबोर्डला! दुसरी नीट मावली. मामांनी पट्टा ओढला, दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. "घट्ट हाय."

लेकीला बसवलं. तिनं गाडीच्या सीटच्या पाठीला पाय लावले, मग पायावर पाय टाकून आमच्याकडे बघत राहिली. नवराच हसत सुटला. "घ्या हीच."

पुढच्या रविवारी उदगीरला निघालो. गाडी मी चालवत होते, मामा मागे नातीजवळ. मागच्या काचेतून दिसणाऱ्या प्रत्येक गाडीला ती हात करत होती. एका ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून उत्तर दिलं, तशी ती किंचाळलीच आनंदानं. मग मामाही वळून हात करायला लागले.

माहेरी पोचल्यावर आईनं गाडीचं दार उघडलं, तर लेक उतरायलाच तयार नाही. पट्टा धरून बसली. शेवटी आईनं वरण-भाताची वाटी गाडीतच आणली. मामा म्हणाले, "विहीनबाई, माझं बी ताट हितंच आना."