चाराच्या आकड्यापाशी निळा डाग

माझ्या साडूचा मला हेवा वाटतो. हे वाक्य लिहायला मला पंधरा वर्षं लागली, तेव्हा ते आधीच टाकून मोकळा होतो. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सटाण्याला राहतो, कांद्याचा व्यापार करतो, मोठ्यानं हसतो, आणि सासुरवाडीला गेला की पाच मिनिटांत सगळं घर त्याच्याभोवती गोळा होतं. मी नाशकात, अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. मी गेलो की सासूबाई विचारतात, चहा टाकू का? तो गेला की न विचारता भजी तळायला घेतात. माणूस वाईट असता तर फार सोपं झालं असतं. पण तो वाईट नाही, हेच तर माझं दुखणं आहे.

एका बाबतीत मात्र मी त्याच्या पुढे होतो. घड्याळांच्या.

ही खोड मला लागली ती सासऱ्यांमुळे. त्यांना आम्ही दोघं जावई मामा म्हणतो. सायखेड्याला त्यांची द्राक्षाची बाग आहे. लग्नानंतर पहिल्यांदा मुक्कामाला गेलो तेव्हा सकाळी ते ओट्यावर बसले होते. चहा यायच्या आधी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चावी धरून सावकाश फिरवली, घड्याळ कानाला लावलं, मान हलवली आणि मगच कपाला हात लावला. पुढे कितीदा गेलो, हा क्रम कधी चुकला नाही. साधंच घड्याळ, पांढरं डायल, काळे आकडे. पण चाराच्या आकड्यापाशी एक निळसर डाग होता. मी विचारलं तेव्हा मामा खुलले. पहिल्यांदा बाग धरली त्या वर्षी फवारणीला मोरचूद कालवत होते, घड्याळ काढायचं भान राहिलं नाही, काचेच्या फटीतून पाणी आत गेलं. त्या बागेवर दोन्ही पोरींची लग्नं केली, असं सांगून त्यांनी डागावरून अंगठा फिरवला.

ते घड्याळ मला हवं होतं. तेव्हापासूनच. पण सासऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ कोण मागतं? म्हणून मी दुसरी जमवायला लागलो. पहिलं घेतलं फोनवर बघून, मोरपंखी डायलचं, नुसतं लखलखत होतं. नाशकातल्या द्वारका चौकाजवळ एक म्हातारे घड्याळजी बसतात, त्यांना मिरवत दाखवायला नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि हसले. डायलवरचा मूळ रंग खरवडून वर नवा मारलेला होता. जुनं घड्याळ ओळखायचं ते डायलवरून, त्यांनी समजावलं. पिवळं पडू द्या, डाग पडू द्या, पण कारखान्यातून आलं तेच हवं. एकदा खरवडलं की संपलं, ते परत आणता येत नाही. हा धडा मी पैसे घालवून शिकलो आणि पुढे भेटेल त्याला फुकट शिकवत सुटलो. बायको म्हणायची, घरात आलेल्या माणसाला पाणी तरी पिऊ द्या.

माझी आठ घड्याळं झाली. एका दिवाळीत ती डब्यात घालून सायखेड्याला नेली. आयुष्यात पहिल्यांदा सगळं घर माझ्याभोवती बसलं. साडूसुद्धा मांडी घालून ऐकत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी दोन पेढे जास्त गोड लागले.

पुढच्या दिवाळीला तो चामड्याची पेटी घेऊन आला. आत चोवीस घड्याळं! सोनेरी, चंदेरी, एक तर एवढं मोठं की त्यावर पापड लाटावा. कुठलं कधीचं, काही पत्ता नाही, दिसलं की उचललं. त्यातली निम्मी रंगवलेली होती हे मला लांबून दिसत होतं. पण घर पुन्हा त्याच्याभोवती. माझी मेहुणी कौतुकानं म्हणाली, तुमच्यामुळेच नाद लागला हो यांना. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझा डबा मी पिशवीतून बाहेरच काढला नाही. परत येताना गाडीत मी त्याच्या एकेका घड्याळाची खोट काढत होतो. शेवटी बायको म्हणाली, "तुम्हाला ना, कुणाचं बरं बघवत नाही." ते खरंच होतं.

मग अधिक महिना आला. आमच्याकडे धोंड्याला जावयांना जेवायला बोलावतात, वाण देतात. आम्ही दोघं पाटावर शेजारी शेजारी बसलो. पुरण भरलेले धोंडे झाले, तांब्याच्या ताटात अनारसे आले, चांदीचा दिवा आला. आणि मग मामांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. बोटांचे सांधे सुजलेले, चावी आता त्यांच्याच्यानं फिरत नव्हती. मी पाटावर सरसावून बसलो. घरात घड्याळातलं कळणारा एकच माणूस होता, आणि तो मी होतो.

त्यांनी ते साडूच्या हातावर ठेवलं. मला एक खोकं मिळालं. त्यात नवंकोरं, सेलवर चालणारं, पांढऱ्या डायलचं घड्याळ. मामा म्हणाले, तुम्हाला आवड हाय ना, खास नाशकातून आणवलं. मी वाकून नमस्कार केला, हसलो, फोटो काढून घेतला. आतून मात्र मी नुसता पेटलो होतो. अहो, ज्याच्या पेटीत चोवीस पडलीत त्याला पंचविसावं, आणि मला सेलवालं?

पंधरा दिवसांनी साडूचा फोन आला. मामांचं घड्याळ मागे पडतंय, शिवाय तो डाग फार दिसतो, काय करावं? तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारतो, असंही म्हणाला.

त्या वेळी मी गच्चीत उभा होतो, हातात ओला टॉवेल होता. खरं उत्तर मला पाठ होतं. आतलं साफ करून घ्या, पण डायलला हात लावू देऊ नका. भेटेल त्याला सांगायचो ना मी. पण मनात आलं, मला नाही ना मिळालं, मग ते त्याच्याकडे तसंच कशाला राहावं?

"डायल नवीन करून घ्या," मी म्हणालो. "बाहेरची केसही पॉलिश करा. चकाचक होईल."

तो खूश झाला. हे काम करणाऱ्याचा नंबरही मीच दिला. फोन ठेवल्यावर मी टॉवेल पिळला, वाळत घातला आणि जेवायला बसलो. दोन दिवस बरं वाटलं. मग वाटेना. तरी मी उलटा फोन केला नाही. चार वेळा नंबर काढला, चारही वेळा म्हटलं, उद्या करू.

महिन्याभरानं एका रविवारी सकाळी तो दारात उभा. बाजार समितीत काम होतं म्हणे, वाट वाकडी करून आला होता. पाणी प्यायला, खिशातून लाल कापडाची पुरचुंडी काढली आणि माझ्या हातात ठेवली. आत मामांचं घड्याळ. केस आरशासारखी, पट्टा नवा, डायल पांढरंफेक. चाराच्या आकड्यापाशी काही नव्हतं. मी ते खिडकीशी नेऊन बघितलं, तिरपं करून बघितलं. काहीही नव्हतं.

"धोंड्याच्या दिवशी तुमचं तोंड बघितलं होतं मी," तो म्हणाला. "त्या दिवशीच ठरवलं. हाई तुमनंच शे."

हे तुमचंच आहे, म्हणत होता; फार आनंद झाला की तो असा घरच्या अहिराणीवर येतो. पुढे सांगत होता, की तसं डागाळलेलं कसं द्यायचं तुम्हाला, म्हणून तुम्ही म्हणालात अगदी तसंच करून घेतलं. सटाण्याहून दोन खेपा घातल्या. फक्त मामांना कळू द्यायचं नाही, त्यांनी दिलेली वस्तू दुसऱ्याला दिली म्हणून त्यांना वाईट वाटेल. त्यांनी विचारलंच तर सटाण्याला कपाटात जपून ठेवलंय म्हणून तो सांगणार होता. मी घड्याळ मनगटावर बांधलं. मान खाली घालून चावी फिरवत राहिलो. त्याला वाटलं, मला भरून आलंय. त्यानं माझी पाठ थोपटली आणि चहा न घेता गेला.

ते घड्याळ मी रोज घालतो. सकाळी चहाआधी चावी देतो, कानाला लावतो. चालतं अगदी बरोबर.

गेल्या महिन्यात सायखेड्याला सगळे जमलो होतो. ओट्यावर मामा, शेजारी मी, समोर साडू. घड्याळ काढून ठेवायचं राहून गेलं होतं, ते बाहीखाली होतं. मामांनी माझा हात धरला, बाही वर सारली आणि घड्याळाकडे बघत राहिले. ज्या घड्याळाला चावी द्यायची त्यांनी उभ्या जन्मात एक सकाळ चुकवली नव्हती, ते त्यांच्या डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर होतं.

"मी दिलेलं नवं हेच ना?" मामा म्हणाले. "आकडे कसे ठळक दिसत्यात. खरं सांगू का पाव्हणं, मनातून माझं जुनं तुम्हालाच द्यायचं होतं. पण म्हटलं, ज्याला घड्याळातलं कळतं, त्याला ते डाग पडलेलं कसं द्यायचं?"

मी म्हणालो, हो मामा, हेच ते. छान चालतं.

मामांनी काचेवरून अंगठा फिरवला, चाराच्या आकड्यापाशी, सवयीनं. आणि समोरून साडूनं मला हळूच डोळा मारला.