बाबलीमेस्त आणि फियाटचा तिसरा बोल्ट

मुळगावात बाबलीमेस्ताचं गॅरेज म्हणजे घराच्या कुशीला घातलेला पत्र्याचा मांडव, त्याला लागून फणसाचं झाड, आणि स्वयंपाकघराची एक खिडकी, जी नेमकी त्या मांडवातच उघडते. ही खिडकी बाबलीच्या बायकोला, शांतेला, मांडव घातला तेव्हापासून खुपत होती. घरात भाजीला फोडणी पडायची आणि वास यायचा डिझेलचा. पण खिडकी काही हलली नाही, आणि पुढं तीच कामाला आली.

बाबली मूळचा दोडामार्गाकडचा. विसाव्या वर्षी तो पाळी गावच्या खाणीच्या वर्कशॉपात लागला आणि पंचवीस-सव्वीस वर्षं त्याने डंपरखाली उताणं झोपून काढली. खाणीची तांबडी धूळ साधी नसते. पाणी लागलं की ती बोल्टाच्या आट्यांत जाऊन बसते आणि वाळली की सिमेंट होते. तिथं ज्याने बोल्ट सोडवले त्याला पुढं जगात अडेल असा बोल्ट नाही, असं बाबली म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. खाणी बंद पडल्यावर त्याने घरीच हा मांडव घातला. जुन्या गाड्यांवाले लांबून लांबून येऊ लागले. नवी गाडी कोणीही उघडतो. वीस-तीस वर्षं कोणी हात न लावलेलं लोखंड उघडायचं तर बाबली लागायचा.

त्याची रीत ठरलेली. आधी तारेच्या ब्रशाने गंज काढायचा, मग तेल घालायचं आणि बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने हलके टोले द्यायचे, म्हाताऱ्या माणसाला उठवतात तसे. तेवढ्याने भागलं नाही तर भोवतीचं लोखंड तापवायचं आणि गरम बोल्टाला मेणबत्ती टेकवायची. वितळलेलं मेण आपणहून आत शोषलं जातं. मग पाना लावून आधी बोल्ट किंचित घट्ट करायचा. हो, घट्ट. बघणाऱ्याला वाटायचं, मेस्ताचं डोकं फिरलं. पण त्याने गंजाची पकड मोडते, आणि मग सैल करायला घ्यायचं.

त्यानंतरचं काम कानाचं. पकड सुटली की 'टक्' होतं. मग जाडसर करकर आली तर खुशाल पुढं जायचं. करकर बारीक होऊन चिरकायला लागली की थांबायचं, मागे घ्यायचं, तेल घालायचं, पुन्हा पुढं. चिरकणं ऐकूनही जो पुढं रेटतो त्याचा बोल्ट तुटतो. हे बाबलीने कोणाकोणाला शिकवलं नसेल!

आणि त्याच बाबलीच्या हातून गणेशचवथीपासून दिवाळीपर्यंत तीन बोल्ट तुटले.

पहिला गावातल्या गौरेशच्या टॅक्सीचा. "लोखंडच कुजलेला होतां," बाबली म्हणाला. दुसरा एका जीपगाडीचा. तेव्हा तेलात भेसळ होती. तिसरा तुटला तेव्हा दोष गाडीच्या मालकाला लागला, कारण तो बाजूला उभा राहून बडबडत होता. गौरेश आपली टॅक्सी घेऊन बायपासवरच्या गॅरेजात जायला लागला. जाताना हॉर्न वाजवून हात करायचा, तेच बाबलीला जास्त लागायचं. शांता रेशनच्या दुकानात गेली तर मागे दोघी कुजबुजत होत्या, "मेस्ताचो हात गेलो गो." शांतेने मान वळवली नाही. घरी येऊन तिने तांदूळ डब्यात ओतले आणि झाकण घट्ट लावलं.

मांडवात दोन-दोन दिवस गाडी येईनाशी झाली. बाबली पाने पुसायचा, लहान-मोठे लावून ठेवायचा, परत पुसायचा.

अशात एक दिवस आमोण्याचे यशवंतमास्तर आपली फियाट घेऊन आले. मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, गाडी त्यांच्या नोकरीच्या दिवसांतली. घर नदीच्या काठाला, त्यामुळं खारं वारं आणि खाणीची धूळ दोन्ही तिच्या अंगावर चढलेली. गाडी आली ती गर्जना करत.

"मेस्ता, हिचा घसा बसलाय," मास्तर म्हणाले. "पासिंगवाल्याने आवाज ऐकूनच परत पाठवली. पुढच्या सोमवारी परत बोलावलंय. तेव्हा पास झाली नाही तर भंगारात जाईल."

बाबलीने बॉनेट उघडून बघितलं. इंजिनातून धूर बाहेर नेणारा बिडाचा पाइप जिथं बसतो तिथलं पॅकिंग जळलेलं. काम साधं, पॅकिंग बदलायचं. पण त्यासाठी चार बोल्ट काढायला हवेत, आणि चारही गंजून तांबडे झालेले.

"तुटला तर?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या कानावरही काही आलं असावं.

"तुटलो तर अर्धो आत ऱ्हवतलो. ह्या इंजिनाचा डोक्या, म्हणजे हेड, आता खंयच मिळणा नाय. मगे मास्तरांनू, गाडी परसात ठेवा आणि कोंबड्यो पाळा."

मास्तर हसले नाहीत. "गौरेश म्हणत होता, बायपासवर न्या. मी म्हटलं, बाबली आहे तोवर नाही." एवढं बोलून ते बस पकडायला गेले.

बाबलीने चारही बोल्टांवरून बोट फिरवलं. यातला एक जरी बोल्ट तुटला तर मास्तरांची गाडी जाईल, आणि आपला मांडवही जाईल, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्याने दोन दिवस तेल पाजलं. पहिले दोन बोल्ट निघाले. तिसऱ्याला पाना लावला, जोर केला, आणि हात आपोआप थांबला. बोल्ट हलला की नाही? करकर आली की नाही? त्याला काहीच कळेना. त्याने पाना काढून ठेवला आणि पॅकिंग आणायचं निमित्त करून तो डिचोलीला निघून गेला. पॅकिंग कालच आणून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतेने कुकर लावला. तिला शेजारच्या सायलीकडे ओटी भरायला जायचं होतं. "तीन शिट्यो झाल्यो काय गॅस बंद करा," असं तोंडासमोर उभं राहून सांगून ती गेली. हल्ली ती त्याला सगळं तोंडासमोर उभं राहूनच सांगायची. परत आली तर स्वयंपाकघरात धूर, डाळीचा कोळसा, आणि बाबली पुढच्या दारात पेपर वाचत बसलेला.

"शिटी वाजूकच नाय," तो उलट तिच्यावरच उखडला. "तुजो कुकर बिघडलो."

मेस्तच तो. कुकर गार झाल्यावर त्याने शिटी मांडवात नेली, तारेने भोक साफ केलं, फुंकर मारली, रबर नवं घातलं. कुकरात नुसतं पाणी घालून गॅसवर चढवला आणि पुढ्यात स्टूल घेऊन बसला. वाफ भरली. शिटी वर उडाली, थरथरली, तिच्यातून वाफेचा झोत निघाला. बाबलीला ऐकू आलं ते एवढंच: फुस्स.

"बघ! सांगलंय ना, वाजना नाय!"

खिडकीत झोपलेलं मांजर मात्र दचकून उठलं, भांड्यांच्या मांडणीवर आपटलं आणि शेपटी फुगवून परसात पळालं.

बाबलीने मांजर गेलं त्या दिशेला बघितलं. मग शिटीकडे. मग शांतेकडे. तिने कानांवर हात धरले होते. ते तिने हळूच खाली घेतले.

"शिटी बरी आसा," ती म्हणाली. "माजर खंय गेला तां बघतंय." आणि ती बाहेर गेली. तेवढा वेळ तिने त्याला एकट्याला दिला.

बाबलीने गॅस बंद केला. जवळच्या माणसांचं बोलणं त्याला ऐकू येत होतं, डंपर ऐकू येत होता, देवळातला ढोल ऐकू येत होता. मग कान गेले असं म्हणायचं कसं? पण बारीक आवाज, शिटीचा, पाखरांचा, बोल्टाच्या चिरकण्याचा, कधी निघून गेला ते त्याला समजलंच नव्हतं. खाणीवर इतकी वर्षं क्रशरशेजारच्या वर्कशॉपात काढली, त्या क्रशरने आपली वसुली करून घेतली होती. म्हणजे ते तिन्ही बोल्ट ओरडले होते.

तो मांडवात जाऊन बसला. थोड्या वेळाने शांता आदोळीची विळी आणि फोडलेल्या नारळाची दोन भकलं घेऊन आली आणि फियाटच्या पुढच्या चाकाशी पाट टाकून खोवायला बसली.

"हय कित्याक बसलंस?"

"थंय ऊन येता."

परसात ऊन यायला अजून तासभर होता. बाबलीने उठून लोखंड तापवलं, मेणबत्ती टेकवली, मेण आत जाऊ दिलं. पाना लावला, किंचित घट्ट केला. मग उलट जोर दिला.

"टक् झाला," शांता नारळावरची नजर न काढता म्हणाली.

बाबली थांबला. "तुका काय कळता?"

"धा-बारा वर्षां त्या खिडकीत भाकऱ्यो भाजतंय. लादीवर पाना पडलो तर खयच्या नंबराचो तां सांगीन. ओढा आता."

त्याने ओढलं.

"जाड येता. चलूंदे... चलूंदे... थांबा! चिरकलो. मागे घेवा."

त्याने मागे घेतलं, तेल घातलं, परत पुढं. पाव आटा पुढं, तेवढाच मागे. शांतेचं खोवणं थांबलेलं, पण आदोळीवरचा पाय तिने काढला नव्हता. एकदा बराच वेळ ती बोललीच नाही, तेव्हा बाबलीने पाना थांबवला.

"निजलंस काय गो?"

"निजूक नाय. बरो चल्लो म्हणान गप आसंय. सारख्या काय बोलू?"

थोड्या वेळाने तो हात न थांबवता म्हणाला, "गौरेशच्या टॅक्सीचो तुटलो तेव्हा तुका आयकाक इल्लो?"

"इल्लो. तिनय वेळा इल्लो."

"मगे सांगूक नाय कित्याक?"

"खिडकीतसून बोंबललंय, मागे घेवा, मागे घेवा. तुमी मान तरी वर केलात?"

बाबलीने तेलाचा आणखी एक थेंब सोडला.

शेवटी बोल्ट सैल झाला, बोटांनी फिरू लागला आणि बाहेर आला, सबंध, टोकाशी गंजाचा तांबडा लगदा लागलेला. बाबलीने तो तिच्या पुढ्यात धरला. "चवथो उद्या," तो म्हणाला.

"उद्या कित्याक? नारळाचा एक भकल अजून बाकी आसा," शांता म्हणाली.

शनिवारी मास्तर आले. गाडी चालू केली तर घसा मोकळा. मास्तर खूश झाले, बाबलीचा खांदा थोपटून म्हणाले, "मेस्ता, लोक काहीही बोलतात. हात अजून तसाच आहे तुझा."

इथं गप्प राहिला असता तरी चाललं असतं. शांता आत होती, खिडकी उघडी होती. बाबलीने हात पुसले.

"हात आसा, मास्तरांनू. कान गेलेत. आवाज हिणां आयकलो, मी नुसतो पानो फिरवलंय. खोटा कित्याक सांगू?"

मास्तरांनी खिडकीकडे बघितलं. आतून कपबशीचा आवाज आला. म्हणजे बाबलीला नाही, मास्तरांना आला. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला तो दुप्पट साखरेचा. सोमवारी गाडी पास झाली. आणि मास्तर म्हणजे मास्तर, त्यांनी ही हकिकत आमोण्यापासून डिचोलीपर्यंत सगळ्यांना सांगितली. गौरेश पहिल्यांदा आला तो गाडी घेऊन नाही, नुसता बघायला. दुसऱ्यांदा टॅक्सी घेऊन आला आणि बाबलीशी बोलायच्या आधी खिडकीत वाकून म्हणाला, "शांतामावशे, आज येळ आसा?"

शांतेने एक अट घातली होती: डॉक्टरकडे जायचं. बाबली कुरकुरत म्हापशाला गेला आणि कानाचं मशीन घेऊन आला. ते लावल्यावर त्याला कावळे ऐकू आले, पंखा ऐकू आला, स्वतःचं खाणं ऐकू आलं, कुकरची शिटी तर अशी आली की तो मांजरासारखाच उठला. पण बोल्टाची जाड करकर आणि बारीक चिरक मशीनमधून सारखीच वाटते म्हणतो. म्हणून अडलेला बोल्ट आला की तो मशीन काढून वॉशरच्या डब्यात ठेवतो आणि खिडकीकडे बघून हाक मारतो.

शांता लगेच येत नाही. हातातलं काम आवरते, पदराला हात पुसते, पाट शोधते. तोपर्यंत बोल्टात तेल मुरतं.