पाणी घटतं का?

रज्जाकभाई गेल्याची बातमी मला धाराशिवच्या पेट्रोल पंपावर कळली, तीही दोन दिवस उशिरा. मी सरकारी जीप घेऊन रांगेत उभा होतो. पुढं हैदराबादकडून आलेला ट्रक होता, त्याचा ड्रायव्हर ओळखीचा. तो उतरून माझ्याकडं आला आणि तंबाखू मळत मळत म्हणाला की नळदुर्गचा मिस्त्री गेला, जॅकवर लावलेल्या गाडीशेजारी पाणी प्यायला बसला तो उठलाच न्हाय. मी विचारलं, कोणता मिस्त्री? नळदुर्गात मोटारीचा मिस्त्री एकच होता आणि ते मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी विचारलं... माणूस असं का विचारतो कुणास ठाऊक. पंपवाला ओरडला, गाडी पुढं घ्या. मी पुढं घेतली, पेट्रोल भरलं, सही केली आणि साहेबांना आणायला कचेरीत गेलो. त्या दिवशी रडू आलं नाही.

या पुरवणीत मोठमोठ्या माणसांवर लिहिलेलं मी दर रविवारी वाचतो. रज्जाकभाई तसे मोठे नव्हते. नळदुर्गाच्या हमरस्त्याला पत्र्याचं एक दुकान, दारात चिंचेचं झाड, झाडाखाली दोन खुर्च्या, त्यातली एक पाय मोडकी. लिहिणारा मीही सातवी पास ड्रायव्हर. भाषेत चुका असतील तर छापणाऱ्यांनी सुधाराव्यात, पण जे सांगतोय त्यात मात्र कुणी हात घालू नये.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या मालकांनी हैदराबादच्या एका नवाबाकडून जुनी विलायती मोटार विकत घेतली आणि ती चालवायला मला ठेवलं. नळदुर्गात ती एकुलती एक मोटार, त्यामुळं तिच्यापेक्षा माझाच रुबाब जास्त. गाडीचं दुखणंखुपणं बघायला रज्जाकभाई. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, बारीक अंगाचे, बोलायला अगदी हळू. त्यांची एक पद्धत होती. गाडी आली की हत्यार उचलायचं नाही. आधी ड्रायव्हरला मोडक्या खुर्चीवर बसवायचं, स्वतः धडक्या खुर्चीवर बसायचं आणि विचारायचं. कधीपासून होतंय? चढाला होतं का सपाटीला? वाफ येते का? पाणी घटतं का? मी एकदा वैतागून म्हणालो होतो, रज्जाकभाई, गाडी तिकडं उभी आहे, तपासायची ती तपासा, मला काय विचारताय? ते हसले आणि म्हणाले की गाडीला तोंड नसतं बाबा, तुझ्याच तोंडानं ती बोलणार. तू खरं बोललास की निम्मं काम झालं.

आता माझी करामत सांगतो. मालक आठ दिवस परगावी होते. माझं नुकतंच लग्न झालेलं, सासुरवाडी ढोकीची. डोक्यात काय शिरलं, मालकांना न विचारता मोटार घेऊन सासुरवाडीला मिरवायला गेलो. अख्खं गाव बघायला लोटलं. मेव्हण्याला मागं बसवून शेतातून फेरी मारली, तेव्हा बांधावरच्या बाभळीचा तुटका खुंट पुढच्या जाळीतून आत घुसला आणि रेडिएटरला भोक पडलं. पाणी थेंब थेंब गळायला लागलं. रज्जाकभाईंना दाखवावं तर ते विचारणार, कुठं लागलं? आणि ते मालकांशी खोटं बोलणार नाहीत. ट्रकवाल्यांच्या तोंडून ऐकलं होतं की रेडिएटरात हळद टाकली की ती पाण्यात फुगते आणि भोक बुजतं. घरी येऊन बायकोच्या डब्यातली मूठभर हळद टाकली. गळणं थांबेना. मग डबाच उपडा केला. थांबलं! मी स्वतःवर भारी खूश. बायकोनं हळदीचं विचारलं तर तिच्यावरच डाफरलो.

पुढं महिन्याभरात गाडीच्या उष्णतेचा काटा वेड्यासारखं करायला लागला. खड्ड्यात चाक गेलं की टुणकन लाल रेघेवर, पुन्हा खाली. मालकांनी ते पाहिलं आणि मला रज्जाकभाईंकडं धाडलं. रज्जाकभाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि सगळं विचारलं. वाफ येते का? न्हाय. पाणी घटतं का? न्हाय... आणि ते खरंच घटत नव्हतं, हळदीनं धरून ठेवलं होतं. मग ते उठले. इंजिनाच्या माथ्यावर पितळेचं एक बोंड असतं, पाणी किती तापलं ते तारेनं काट्याला कळवणारं. त्याची तार त्यांनी काढली, काटा खाली पडला. तारेचं टोक लोखंडाला टेकवलं, काटा वर गेला. म्हणजे काटा जिवंत आहे, म्हणाले. बोंड सोडवून चहाच्या उकळत्या भांड्यात धरून पाहिलं, तेही ठीक. मग तारेवरून बोट फिरवत फिरवत गेले आणि एका जागी थांबले. तिथं तारेवरचं सूत घासून गेलं होतं, धक्का बसला की उघडी तार इंजिनाला चिकटायची. दोष सापडला. त्यांनी चिकटपट्टी गुंडाळली आणि सांगितलं की ही काही टिकायची न्हाय, सोलापूरहून नवी तार येईपर्यंत हा काटा खोटंच बोलणार, त्याच्या नादी लागू नको.

तरी हात धुवायच्या आधी त्यांनी रेडिएटरच्या वरच्या नळीवर एक तळवा ठेवला आणि खालच्या नळीवर दुसरा. जरा वेळ तसेच उभे राहिले. म्हणाले, खालची लईच थंड लागते रे. पाणी उतरत नसेल आतून... पुन्हा माझ्याकडं बघून विचारलं.

"शंकर, पाणी घटतं का? आत काही टाकलं का कुणी?"

"न्हाय, रज्जाकभाई."

"बरं," ते म्हणाले आणि झाकण लावलं.

त्यानंतर आठ दिवसांनी ते सकाळी दहाच्या सुमारास मालकांच्या दारात धावत आले. वैशाखाचं ऊन. हमिदाभाभी बाळंतपणाला अडल्या होत्या, सुईणीनं हात टेकले होते, सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. मालकांनी एका शब्दात गाडी दिली. मागच्या सीटवर भाभी, त्यांचं डोकं रज्जाकभाईंच्या मांडीवर, पायाशी रज्जाकभाईंची थोरली बहीण, तिला सगळे आपा म्हणत. मी गाडी पळवली ती पळवलीच. हमरस्ता सरळ, सपाट. भाभी कण्हत होत्या आणि रज्जाकभाई दखनीत काहीतरी हळू हळू बोलत होते, भाभींच्याच पदरानं वारा घालत होते.

इटकळच्या अलीकडं माझं काट्याकडं लक्ष गेलं. तो चढत होता. टुणकन उडी मारून नाही... हळू, सावकाश, एकेक केसभर. खोटा काटा उडी मारतो, हा चढत होता. हा फरक मला त्या क्षणी समजला, अगदी स्वच्छ समजला. गेली तेरा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला कुठं काय कळत होतं, मी पोरगेलासा होतो. खोटं आहे ते. मला समजलं होतं. भोकाबरोबर आतल्या नळ्याही बुजवणारा तो हळदीचा डबा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला होता. मी एवढंच म्हणालो, "रज्जाकभाई, काटा चढतोय."

मागून त्यांचा आवाज आला. "काटा झूटा है. सांगितलं ना तुला. चालव तू."

तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. आत हळद आहे. त्यांनी लगेच थांबवलं असतं, विहिरीचं पाणी आणलं असतं, गाडी निववून बेताबेतानं नेली असती आणि तासाभरानं का होईना आम्ही दवाखान्यात पोचलो असतो. पण सांगितलं तर ढोकीची फेरी मालकांना कळणार, नोकरी जाणार, सासुरवाडीत हसं होणार. असल्या वेळी माणसाच्या डोक्यात असलं येतं, सांगायलाही लाज वाटते. मी गप्प बसलो आणि पाय दाबला. दोन मैलांवर झाकणातून वाफेचा लोट उठला, इंजिनात हातोडा मारल्यासारखे ठोके पडले, ते जागेवर धरलं आणि गाडी बंद पडली.

लिंबाच्या सावलीत आम्ही दीड तास होतो. दोन बैलगाड्या गेल्या, त्यांचा काय उपयोग! शेवटी भुईमुगाच्या शेंगांची पोती भरलेला एक ट्रक थांबला. पोत्यांवर भाभींना निजवलं. तिथंच, चालत्या ट्रकात, पोरगी झाली. आपांनी तिला ओढणीत गुंडाळलं. भाभींचं रक्त थांबेना. सोलापूरच्या नाक्याच्या आधीच त्या गेल्या. रज्जाकभाई ओरडले नाहीत, रडले नाहीत. तळवा भाभींच्या कपाळावर ठेवून बसले होते. मी टपावरून वाकून बघत होतो आणि मला तो तळवा दिसत होता.

पुढं जो येईल त्याला ते एकच सांगत. मीच म्हणालो काटा खोटा आहे, माझ्या तोंडानं म्हणालो. माझ्यासमोर म्हणत, मशिदीच्या पायरीवर म्हणत, अनोळखी ट्रकवाल्यांनाही म्हणत. मी मान खाली घालून ऐकायचो. बंद पडलेली मोटार बैल जुंपून त्यांच्याच दारात आणून उभी केली होती. मालकांनी सांगितलं, राहू दे, घाई नाही. मी ती उघडताना तिथं थांबलो नाही. आजारी असल्याचं सांगून ढोकीला जाऊन राहिलो, आणि परत आलो ते नोकरी सोडायलाच. धाराशिवला सरकारी जीपवर लागलो. रेडिएटर खोलणाऱ्याला आत काय सापडलं असेल, हा विचार मनात यायचा तेव्हा मी दुसरं काहीतरी काम काढायचो.

पण नळदुर्ग रस्त्यातच पडतं. साहेबांबरोबर फिरतीला गेलो की त्या दुकानापाशी थांबावंच लागायचं. रज्जाकभाई उठून यायचे, चिंचेखाली मला बसवायचे, चहा सांगायचे. नसीम, म्हणजे ती ट्रकात झालेली पोरगी, चहा घेऊन यायची. दर खेपेला भाभींचाच चेहरा तिच्यावर जास्त जास्त उतरलेला. चहा झाला की रज्जाकभाई जीपचं बॉनेट उघडायचे, एक तळवा वरच्या नळीवर, एक खालच्या. त्या दिवसानंतर त्यांनी कुठल्याही गाडीच्या काट्याकडं बघितलं नाही, हातानंच बघायचे. मग माझ्याकडं वळून विचारायचे, "शंकर, पाणी घटतं का?"

मी म्हणायचो, न्हाय, रज्जाकभाई. ते म्हणायचे, बरं.

असं किती वेळा झालं असेल... धडधाकट, नवी कोरी जीप, तरी विचारायचे. मला वाटायचं मिस्त्रीची जुनी सवय. गेल्या दसऱ्याला भेटलो ते शेवटचं. त्या दिवशी त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना हात इंजिनावर नव्हता, माझ्या खांद्यावर होता. मी दोन्ही वेळा न्हाय म्हणालो आणि गाडी काढली. साहेबांना उशीर होत होता.

बातमी कळल्यावर रजा काढून गेलो. दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. आपा आत बाजेवर, डोळ्यांनी आता दिसत नाही त्यांना. नसीमनं फळीवरचा बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा काढून माझ्या हातात दिला. अब्बांनी सांगून ठेवलं होतं, म्हणाली, की शंकरचाचा आले की द्यायचा. झाकण गंजलं होतं, हत्यारानं उचकटावं लागलं. आत पितळेचं ते बोंड होतं. चिकटपट्टी गुंडाळलेली ती तार होती. आणि मांजरपाटाच्या चिंधीत बांधलेला, वाळून दगड झालेला एक पिवळट गोळा. नखानं खरवडून थुंकीनं भिजवला, तर बोट पिवळं झालं.

तेरा वर्षं तो डबा दुकानातल्या फळीवर होता, माझ्या खुर्चीच्या बरोबर मागं. मी तिथं बसून त्यांचा चहा पीत होतो, ते लोकांना सांगत होते की चूक त्यांचीच, आणि मला विचारत होते की पाणी घटतं का.

नसीमनं विचारलं, "हे पिवळं काय हाय, चाचा?"

न्हाय ठाऊक, असं अगदी ओठावर आलं होतं. तोंडाला सवयच लागलेली. मग मी दारातल्या त्या मोडक्या खुर्चीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. ढोकीची फेरी, बाभळीचा खुंट, हळदीचा डबा, चढणारा काटा. आपाही ऐकत होत्या. सांगताना मी हमसाहमशी रडलो, ते कुणासाठी होतं मला सांगता येणार नाही. नसीम रडली नाही. बापासारखी उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अब्बांना ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग ते तुम्हाला चहा का पाजायचे?"

तिनं माझ्या हातातला डबा घेतला, चिंधी पूर्वीसारखी बांधली, झाकण दाबून बसवलं आणि फळीवर जागच्या जागी ठेवून दिला. चहा तिनं केला नाही, मीही थांबलो नाही.

आता रोज सकाळी जीप काढायच्या आधी मी बॉनेट उघडतो. एक तळवा वरच्या नळीवर, एक खालच्या. गाडी रात्रभर उभी असते, दोन्ही नळ्या सारख्याच गार लागतात, बघण्यासारखं काही नसतं. तरी तसाच उभा राहतो, आणि खांद्यावर हात पडल्यासारखं होतं. कचेरीतले शिपाई मला हसतात, कारण मी मोठ्यानं बोलतो. रेडिएटर काठोकाठ भरलेला असतो आणि मी म्हणतो, व्हय रज्जाकभाई, घटत होतं.